फुगा सरकला

अहो वैनी, जरा भिंतीपाशी या. हळू बोला, वरची खिडकी उघडी आहे.

वरच्या बिऱ्हाडाच्या पोराचा आरटीईत, म्हणजे खासगी शाळेतल्या त्या पंचवीस टक्के फुकट जागांत, नंबर लागला म्हणून पेढे खाल्ले ना आपण? गेला प्रवेश! पडताळणीत अडकला. कशापायी, तर बलून. अर्ज भरताना नकाशावर आपल्या घरावर तो फुगा ठेवायचा असतो. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असली की सोडतीत आधी नंबर. एक ते तीनवाले मागून. सायबर कॅफेतला पोरगा म्हणाला म्हणे, "काकू, जरासा सरकवू का?" पोराच्या आईनं मान हलवली. फुगा जाऊन बसला शाळेशेजारच्या मंगल कार्यालयावर! भाडेकरारावर पत्ता आपल्या चाळीचा. समितीतल्या बाई म्हणाल्या, "कार्यालयात राहता होय तुम्ही?"

हसू नका हो. करार रजिस्टर करायचा, उत्पन्नाचा लाखाच्या आतला दाखला काढायचा, बिचारीचे कामाचे किती खाडे झाले! आणि तो कोपऱ्यावरचा बंगलेवाला? दारात दोन गाड्या, दाखला मात्र लाखाच्या आतला. त्याचा फुगा बरा जागच्या जागी!

२०२४ साली तुमच्या नणंदेकडच्या प्रवेशाचं काय झालं, आठवतं ना? फेब्रुवारीत सरकारनं नियमच फिरवला. किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. मे महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली, जुलैत नियमच रद्द केला. तेव्हा कुठं यादी लागली. तोवर वर्गातल्या पोरांची बाराखडी गिरवून झालेली.

आणि इकडं माझी जाऊ! महापालिकेच्या शाळेत शिकवते. उन्हाळ्यात भर दुपारी पोरं शोधत दारोदार फिरते. पट घसरला की बाई अतिरिक्त, मग समायोजन कुठं होईल ते देव जाणे. परवा वरच्या बाईंकडंही गेली होती. पुस्तकं, गणवेश, खिचडी, सगळं सांगून झालं. "तिकडं खासगीत आठवीपर्यंतच फुकट, नववीला फी भरावी लागेल," हेही बोलली. बाईंचं आपलं एकच, "सेमी-इंग्रजी आहे का?" आहे की! "मग बस येते का दाराशी?"

"बस कशाला? तुमच्या गॅलरीत आमची घंटा ऐकू येते!"

...खिडकी मिटली वाटतं. ती कोथिंबिरीची जुडी द्या बरं इकडं. निदान कशाला उभ्या होतो, ते तरी दिसेल.