वायुदेवांस, गैरहजेरीबाबत

श्रीमंत वायुदेव, मुक्काम वनकुसवडे पठार, जिल्हा सातारा, यांसी सा. न. वि. वि.

ऐन आषाढात, सकाळी सव्वाअकरा ते साडेअकरा या मुदतीत, कोणतीही इत्तला न देता आपण पठारावरील पवनचक्क्या थांबवून निघून गेलात, ही बाब आमच्या दप्तरी नोंदली गेली आहे. दिवसाचे 96 भाग पाडून, प्रत्येक पंधरा मिनिटांत किती वीज देणार त्याचा तक्ता आदल्या दिवशीच रुजू करावा आणि त्याबाहेर फार भटकल्यास दंड भरावा, असा आमचा दस्तूर आहे. आणि तो अगदीच निष्कारण नाही, कारण वीज ही गुळाच्या ढेपांप्रमाणे वखारीत रचून ठेवण्याची जिन्नस नसून, उपज आणि खप यांचा मेळ क्षणभर जरी चुकला, तरी सेकंदास 50 आवर्तनांनी चालणारी तिची नाडी बिघडू लागते.

आपली सेवापुस्तिका मुळातच समाधानकारक नाही. निम्म्या वेळेस आलेला मजूर निदान आठ आण्यांचे काम तरी करतो. आपण मात्र निम्म्या वेगाने आलात, की आपल्या अंगची शक्ती रुपयातील दोन आण्यांवर येते. शिवाय पावसाळ्यात, शेतातल्या मोटारी निवांत असता, आपण मुक्तहस्ते उधळण करावी आणि फाल्गुन-चैत्रात त्या पाण्यासाठी घरघरू लागताच मौन धरावे, ही कोणती रीत? आपले चिरंजीव मारुतराय यांनी उड्डाणाचा तक्ता अगोदर सादर केला असता, तर तोही आम्ही त्रुटी काढून परत पाठविला असता, हे मात्र प्रांजळपणे कबूल करतो.

आता एक गोष्ट, खाजगी म्हणून. आपण पठारावर असाल तोवर शिवसागर जलाशयाचे पाणी राखावे आणि आपण गेलात की ते पोफळीच्या जलविद्युत यंत्रांवर सोडावे, म्हणजे काही मिनिटांत उणीव भरून निघते. 31 डिसेंबर 2013 पासून सर्व देशाच्या तारा एका तालात बांधल्या गेल्यामुळे इकडचा वारा पडला तरी तिकडचा कामी यावा. आणि 1 जून 2020 पासून दर अर्ध्या तासाला सौदे होऊन तासाभराने वीज हाती पडण्याचा बाजारही सुरू झाला आहे. इतकी साधने पदरी असता ती एकमेकांशी नीट जुळवून घेण्यापेक्षा आपणांस नोटीस काढणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते, कारण नोटिशीला फक्त कागद लागतो.

तरी सात दिवसांत लेखी खुलासा यावा. आमचे म्हणणे वाऱ्यावर सोडू नये. आपला पत्ता टपालखात्यास ठाऊक नसल्याने हा लखोटा मी सडावाघापूरच्या कड्यावरून खाली टाकीत आहे. तेथे आपण पावसाळ्यात धबधब्याचे पाणी उलटे वर उडवून पाहणाऱ्यांची तोंडे भिजविता, हे जाणून आहे; तेव्हा लखोटाही भिजून माझ्याच हाती परत आला, तर खुलासा कोणी द्यावयाचा, ते मी समजून घेईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
वीजखात्याच्या दप्तरातील एक जुना कारकून