स्वल्पविराम बरोबर, निबंध बेपत्ता

वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध १९५३ साली ‘नेचर’च्या १७१व्या खंडात ७३७ आणि ७३८ या पानांवर आला. लेखक, साल, जर्नल, खंड आणि पान एवढं सांगितलं की ग्रंथालयातला शिपाईसुद्धा तो अंक काढून हातात देईल. पण हाच निबंध आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भ म्हणून द्यायचा झाला, तर प्रकरण इतकं सरळ राहत नाही. व्हँकुव्हर पद्धतीत आद्याक्षरांना टिंब लावायचं नाही, साल जर्नलच्या नावानंतर टाकायचं, पुढे अर्धविराम, त्यानंतर जागा सोडायची नाही आणि पानं लिहिताना ‘७३७-८’ अशी काटकसर करायची. एपीए पद्धतीत टिंबं हवीतच, साल लेखकांच्या नावांपाठोपाठ कंसात, जर्नलचं नाव आणि खंड तिरप्या अक्षरांत, शिवाय दोन लेखकांना जोडणाऱ्या चिन्हाआधी स्वल्पविराम. खुद्द ‘नेचर’ला तो स्वल्पविराम खपत नाही, तिथे खंड ठळक आणि साल पार शेवटी कंसात. निबंध तोच, पान तेच, डीएनएचा पीळही तोच, फक्त टिंबं जागा बदलतात. एका जर्नलने निबंध नाकारला की दुसरीकडे धाडण्याआधी साठ-सत्तर संदर्भांची टिंबं उपटून नव्याने लावायची. माझं म्हणणं असं की, या खटाटोपात जे तपासलं जातं ते चुकलं तर विज्ञानाचं काही बिघडत नाही. आणि जे चुकलं तर बिघडतं, ते तपासायला कुणाला सवड नसते.

गंमत म्हणजे यातली एक पद्धत निघाली तीच मुळी हा गोंधळ मिटावा म्हणून. १९७८च्या जानेवारीत वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि सगळ्यांना चालेल असा एकच नमुना त्यांनी ठरवला. पुढच्या वर्षी तो छापलाही. टाइपरायटरचा जमाना होता, जर्नल बदललं की सगळं पुन्हा बडवायचं, तेव्हा हेतू नामीच होता. पण पुढे ‘आम्ही व्हँकुव्हरवालेच, फक्त आमच्यात साल कंसात’ असं म्हणत जो तो आपली पोटजात काढत गेला. आज झोटेरोसारखी सॉफ्टवेअर्स संदर्भशैलींचा जो खुला साठा वापरतात, त्यात १०,०००हून अधिक नोंदी आहेत. त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींच्या नकला आहेत हे मान्य केलं, तरी उरतात त्या माणसाला नेस्तनाबूत करायला पुरेशा आहेत.

या नेस्तनाबुतीचा हिशेबही झालेला आहे. २०१९ साली ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या एका पाहणीत ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं, तेव्हा नुसत्या फॉरमॅटिंगपायी एका निबंधाला १४ तास आणि माणशी वर्षाला ५२ तास जातात, असा मध्यक निघाला. यात आकृत्या आणि शब्दमर्यादाही आल्या, सगळं पाप संदर्भांच्या माथी मारायचं कारण नाही. पण निबंध स्वीकारला गेल्यावर काय होतं तेही पाहावं. बड्या परदेशी प्रकाशकांच्या जर्नलांची बरीचशी अक्षरजुळणी चेन्नई, पुदुच्चेरी, पुणे अशा ठिकाणी होते. तिथे आधी प्रत्येक संदर्भाचे तुकडे करून हे आडनाव, हे साल, हा खंड अशा खुणा लावतात. खुणा लागल्या की विरामचिन्हं यंत्र आपल्या नियमाने घालतं. म्हणजे लेखकाने रात्री जागून लावलेला अर्धविराम आधी काढला जातो आणि मग तिथेच, तसाच, पुन्हा लावला जातो.

यावर शिस्तप्रिय मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: ज्याला स्वल्पविराम सांभाळता येत नाही, त्याच्या आकडेवारीवर भरवसा कसा ठेवायचा? वरकरणी हा मुद्दा बिनतोड वाटतो. पण एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांना नमुना म्हणून दिलेल्या एका संदर्भाची कथा ऐका. विषय शास्त्रीय लेख लिहिण्याची कला, लेखक व्हान डर गीर आणि आणखी दोघे, साल २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९. असा निबंध कधी लिहिलाच गेला नाही. ज्या जर्नलचं नाव दिलंय तेही अस्तित्वात नाही. तरीही ‘वेब ऑफ सायन्स’च्या नोंदींप्रमाणे जवळपास ४०० निबंधांनी त्याचा हवाला दिला होता. लायडनचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांच्या हे लक्षात आलं आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली ते चव्हाट्यावर आणलं. बऱ्याच ठिकाणी नमुन्याच्या फाइलमधली ओळ पुसायची राहिली असावी. पण फॉरमॅटच्या दृष्टीने संदर्भ निर्दोष होता. असणारच, तो तर नियम शिकवण्यासाठीच बनवलेला. मांडवाच्या दारात फेटा नीट बांधलाय का एवढंच बघणारा माणूस उभा केला की असंच होतं. ‘कुणाकडचे?’ हे कुणी विचारत नाही आणि जन्मालाच न आलेला पाहुणा चारशे पंगती झोडून जातो.

हा अपवाद म्हणून सोडून द्यावा, तर २००३ सालचं सिमकिन आणि रॉयचौधुरी यांचं काम आडवं येतं. त्यांनी १९७३च्या एका गाजलेल्या भौतिकशास्त्रीय निबंधाचे ४,३००च्या आसपास उल्लेख तपासले. १९६ उल्लेखांत छापील चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा आली होती. इतक्या जणांचं बोट आपापल्या घरी त्याच चुकीच्या कळीवर पडणं कठीण. एकमेकांच्या याद्या उतरवून घेतल्या, हाच सरळ अर्थ. मूळ निबंध वाचून हवाला देणारे साधारण पाचात एक, असा त्यांनी अंदाज बांधला. तो थोडा सैल धरला तरी एक गोष्ट उरतेच: चुकीचा पान क्रमांकसुद्धा त्या त्या जर्नलच्या शैलीत, नेमक्या चिन्हापुढे, अदबीने छापला गेला.

दुसरा आक्षेप तरुणांचा: आता सॉफ्टवेअर आहे, एक बटण दाबलं की झालं, तक्रार कसली? बटण आहेच. पण सॉफ्टवेअर मिळालेली माहिती सजवतं, तपासत नाही. मराठी माणसाच्या नावात मधे वडील असतात. एखाद्या डेटाबेसात त्यांची आडनावाच्या रकान्यात बदली झाली, की संशोधन मुलाचं आणि हवाला वडिलांचा, तोही पाच जर्नलांच्या पाच शैलींत बिनचूक. आता तर संभाषण करणारी एआय प्रारूपं कधीच न लिहिलेल्या निबंधांचे खंड-अंक-पानांसकट संदर्भ क्षणात देतात, आणि टिंबाला टिंब जुळलेलं असतं. टापटीप हा काळजीचा पुरावा असेलच, तर तो पूर्वी असेल.

मग काय, ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहावं? मुळीच नाही. माहिती पुरी हवी, एका निबंधात एकच रीत हवी आणि जिथे असेल तिथे डीओआय हवा, कारण तो क्रमांक वाचकाला थेट निबंधापाशी नेतो. पहिल्यांदा पाठवताना कुठलाही फॉरमॅट चालेल, असं काही जर्नलं आता म्हणतातही. वाचलेल्या वेळात संपादकांनी एवढंच करावं: सूचीतले कुठलेही पाच संदर्भ निवडून लेखकाला विचारावं, ‘यात नेमकं काय म्हटलंय?’ सुधारणा साधी आहे, फुकट आहे, आणि ती अमलात येण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. कारण तिला पहिला विरोध लेखकच करतील. पाच निबंध वाचण्यापेक्षा पाचशे टिंबं लावलेली बरी, असं ते हात जोडून सांगतील, आणि ती विनंती तरी अगदी मनापासून केलेली असेल.