निळे कपडे

३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या व्हीसीए मैदानावर किती प्रेक्षक होते हे कुणाला मोजता येणार नाही, कारण ते अजून वाढताहेत. पन्नाशी ओलांडलेला जो नागपूरकर भेटतो, तो त्या दिवशी तिथं होता. माझा इस्त्रीवाला होता, दाढा काढणारे डॉक्टर होते. आमच्या ऑफिसातले एक साहेब तेव्हा गोंदियाला चौथीत शिकत होते, तर तेही होते. या सगळ्यांना बसवायचं म्हटलं तर सिव्हिल लाइन्सचं ते मैदान थेट बर्डीपर्यंत ओढावं लागेल.

मीही होतो.

सामनाच तसा होता. रिलायन्स कप, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्मानं लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. मग गावसकर खेळायला आला. १९७५ साली लॉर्ड्सवर ६० षटकं उभं राहून नाबाद ३६ धावा काढणारा तोच हा गावसकर. त्यानं त्या दिवशी ८८ चेंडूंत नाबाद १०३ कुटल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते आयुष्यातलं एकमेव शतक, आणि ते आमच्या गावात. भारतानं ३२.१ षटकांत सामना संपवला, गटात पहिला नंबर आला आणि उपांत्य सामना लाहोरऐवजी मुंबईला मिळाला. तिथं आपण हरलो, पण तो मुंबईचा प्रश्न आहे.

माझ्या डोळ्यांपुढं तो दिवस अजून लख्ख उभा राहतो. शेजारच्या काकांनी पुढं केलेली फुटाण्यांची पुडी, मागच्या रांगेतला शिट्टीवाला, संध्याकाळी दिवे लागल्यावर उजळून निघालेलं हिरवंगार मैदान आणि त्यात निळ्या कपड्यांतला गावसकर. कित्येक वर्षं मी हे ऐकवत आलोय. कुणी कधी अडवलं नव्हतं.

या मे महिन्यात भाच्यानं अडवलं. तो पुण्याला इंजिनीअरिंगला असतो आणि सुट्टीत येऊन आमच्या कूलरसमोर आडवा होतो. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि मी ऐन रंगात आलेला. त्यानं मोबाईलवरून नजर न काढता विचारलं, "मामा, कपडे कोणत्या रंगाचे होते म्हणाले तुम्ही?"

"निळे. भारताचे आणखी कोणते राहतील?"

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. गावसकर पांढऱ्या कपड्यांत होता, सगळेच पांढऱ्या कपड्यांत होते. विश्वचषकात रंगीत कपडे आले ते १९९२ला. दिव्यांचा तर प्रश्नच नव्हता. सामना भर उन्हात झाला आणि उन्हातच संपला.

"मामा," भाचा प्रेमानं म्हणाला, "तुमच्या डोक्यात किडा शिरलाय."

मी हे मराठीतल्या नेहमीच्या अर्थानं घेतलं. पण त्याला खराच किडा म्हणायचा होता. त्यानं मला 'रिक अँड मॉर्टी' नावाच्या अमेरिकी कार्टूनचा एक भाग बळजबरीनं दाखवला. २०१५ सालचा, दुसऱ्या सीझनमधला चौथा. नाव 'टोटल रिकॉल' या जुन्या सिनेमावर कोटी करून ठेवलेलं. रिक हा दारुडा शास्त्रज्ञ आजोबा, मॉर्टी त्याचा नातू. सकाळी सगळं घर नाश्त्याला बसलंय आणि टेबलाशी एक स्टीव्हकाका आहेत. वर्षभर घरात राहताहेत, सगळ्यांचे लाडके. आजोबा उठतो आणि काकांना गोळी घालतो. मग कळतं की ते काका नव्हतेच, परग्रहावरचा परजीवी किडा होता. हे किडे डोक्यात खोट्या आठवणी पेरतात आणि त्या आठवणींच्या आधारानं घरात ठाण मांडतात. कुणी "आठवतं का रे ती गंमत?" म्हणायचा अवकाश, की त्या गमतीतून आणखी एक पाहुणा दिवाणखान्यात हजर. बघता बघता घरात एक बोलकी पेन्सिल येते, उलटा जिराफ येतो, झोपाळलेला गॅरी येतो. आणि प्रत्येक जण जन्मापासूनचा घरचा.

नागपूरच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. चार दिवसांसाठी म्हणून आलेला आणि सहा महिन्यांनी पंख्याखालची जागा आपली म्हणून सांगणारा पाहुणा आम्ही किड्यांशिवायही पाहिला आहे.

खरी मजा पुढं आहे. खोटे कोण आणि खरे कोण हे ओळखायचं कसं? युक्ती नातवाला सुचते. किड्यांना फक्त गोड आठवणी पेरता येतात. म्हणजे ज्याच्याविषयी तुमच्याकडं एक तरी कडू आठवण आहे, तो घरचा. मग एकमेकांनी केलेले अपमान, घातलेले गोंधळ, दिलेले दगे आठवून आठवून हे लोक एकमेकांना ओळखत जातात आणि उरलेल्यांना उडवतात.

मी उठून बसलो. हा नियम मला आयुष्यभर ठाऊक होता, फक्त असा कुणी मांडला नव्हता. शोकसभेत बसलं की मला नेहमी वाटतं, हे ज्याच्याविषयी बोलताहेत तो माणूस होऊन गेला तरी का? लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी वर्धा स्टेशनवर चहा घ्यायला उतरलो आणि गाडी सुटताना बायकोला फलाटावर ठेवून डब्यात चढलो. तिनं मला माफ केलेलं नाही. या एका गोष्टीवर मी कुठल्याही किडातपासणीत पास होईन.

भाच्यानं मग शास्त्रही सांगितलं. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली सहकारी जॅकलीन पिकरेलबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार गोष्टी दिल्या. तीन घरच्यांकडून घेतलेल्या खऱ्या, चौथी बनावट: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. साधारण पाव लोकांना ते हरवणं थोडंफार "आठवलं". आमच्याकडं हा प्रयोग करायला मॉल नको. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत मिरवणुकीनं निघतात, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, सगळी इडापीडा घेऊन जा म्हणून लोक ओरडत असतात. कुठल्याही नागपूरकराला सांगा, "तू लहानपणी मारबतीत हरवला होतास." तो तुम्हाला सोडवून आणणाऱ्या हवालदाराच्या मिशा किती लांब होत्या तेही सांगेल.

अख्ख्या गावाची गोष्टही काही वेगळी नाही. पाहुणा आला की आम्ही त्याला झिरो माइलला नेतो आणि हा भारताचा मध्यबिंदू म्हणून सांगतो. चार घोडे, खांब, शेजारी विधानभवन, सगळं कसं मध्यबिंदूला शोभेलसं. बाजूच्या बुटक्या दगडाचं मूळ काम मात्र उंचीची खूण म्हणून उभं राहण्याचं. सर्वेक्षणवाल्यांनी १९०७ साली त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवली. हे मी पाहुण्यांना सांगत नाही. केंद्रस्थानी असल्याची आठवण १९५६ला राजधानीपण गेल्यावर फार उपयोगी पडली आहे.

तर माझे निळे कपडे कुठून आले? भाच्यानं तेही शोधून दिलं. २८ ऑक्टोबर २००९ला जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर मी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना पाहिला होता. दिवसरात्र सामना, दिवे, निळे कपडे, धोनीचे १२४. महिनाही तोच. मनानं जामठ्याचे दिवे उचलून सिव्हिल लाइन्समध्ये लावले आणि धोनीचा सदरा गावसकरला घातला. फुटाणेवाले काकाही बहुधा तिकडचेच.

पण मग १९८७ला मी होतो कुठं?

त्या कार्टूनच्या शेवटाकडंही माझं मन अडकलं होतं. घरचा एक जुना मित्र असतो. त्याचं नाव मराठीत उतरवलं तर मासिक घरात ठेवता यायचं नाही. सुरुवातीच्या नामावळीतही त्याला घुसवलेला असतो, त्यामुळं बघणाऱ्यालाही वाटतं की हाच तो उरलेला किडा. त्याच्याविषयी कुणालाच काही वाईट आठवत नाही. आई त्याला गोळी घालते. आणि तो किडा होऊन पडत नाही, रक्त येतं. तो खरा होता, नुसता चांगला होता. बरा होत असताना तो नर्सकरवी निरोप देतो: माझ्याविषयी तुमच्याकडं वाईट आठवणी नव्हत्या, याबद्दल माफ करा. हे ऐकून हसावं की काय करावं ते कळेना. माझ्या ओळखीत तसं एक माणूस आहे. त्याच्याकडं संशयानं बघायचं नाही, एवढं मी त्याच रात्री ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. तो यवतमाळला असतो.

"दादा, सत्याऐंशीच्या मॅचला मी गेलो होतो का रे?"

"तू? तुले कांजण्या झाल्या होत्या बे. अंगभर. मामानं दोन तिकिटं आणली होती, तुझ्या तिकिटावर मी माझ्या दोस्ताले घेऊन गेलो. तू गादीवर पडून बोंबलत होता."

हे ऐकताच कुठून तरी सगळं वर आलं. कडुनिंबाच्या पाल्यावरची गादी, खाजवू नको म्हणून हातांना बांधलेली आईची सुती फडकी, रेडिओ. आणि दारातून वळून दादानं दिलेला शब्द.

"तू येताना संत्रा बर्फी आणणार होतास."

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "काय मॅच झाली पण! गावसकर काय मारून राहिला होता! अजून दिसते मले. त्या निळ्या ड्रेसमध्ये..."

"निळ्या?"

"निळ्याच तर. दुसऱ्या कोणत्या?"

माझ्या पोटात धस्स झालं. म्हणजे हाही गेला नव्हता? का गेला होता आणि रंग मागाहून चढला? की तो मुळात... मी भाच्याकडं पाहिलं. त्यानं बोटांची बंदूक करून फोनवर रोखली होती.

"दादा, बर्फीचं काय झालं ते सांग."

"आणली होती," दादा म्हणाला. "पावभर. बर्डीवर बस पकडेपर्यंत आम्ही दोघांनी खाल्ली. तुले तसंही गोड देऊन नव्हती राहिली आई."

मी भाच्याला बंदूक खाली घ्यायला सांगितली.