नारळ, कोयता आणि सुमारगड

रत्नागिरीच्या माणसाची डोंगराशी गाठ बहुधा एसटीतच पडते. साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट लागला की खिडकीची जागा कोणाला द्यायची यावर वाटाघाटी होतात, पिशवीतून लिंबू बाहेर येतं. मलकापूरला चहा पोटात गेला की डोंगर विसरायला मोकळे. समुद्राकाठच्या आम्हा लोकांना सह्याद्री म्हणजे आपण आणि कोल्हापूर यांच्या मधे येऊन बसलेली एक अडचण. त्या अडचणीवर पाठीला सॅक लावून, मुक्काम करत, दिवसचे दिवस हौसेनं चालायचंय असं घरी सांगितलं, की पहिला प्रश्न येतो ‘बरोबर कोण?’ आणि दुसरा ‘खायला काय नेणार?’ ‘कशाला?’ असं मात्र कोणी विचारत नाही. आपल्या बाबतीत तो नाद घरच्यांनी कधीच सोडलेला असतो.

बरं, त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायलाही नको. खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड हे तीन किल्ले एकाच डोंगरधारेवर आहेत. जगबुडीचं खोरं या धारेला सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून तोडतं. खोऱ्यापलीकडे मकरंदगड दिसतो. तिन्ही किल्ले सलग करायचे तर साधारण तीन दिवस लागतात. रसाळगड आल्यागेल्याचा आहे. तटबंदी, तोफा, मुक्कामाला झोलाईचं देऊळ. अगदी आजोळी आल्यासारखं. महिपतगडाचा माथा सुमारे 120 एकरांचा. त्याला सहा दरवाजे, त्यातला एक चक्क खेड दरवाजा. मधला सुमारगड आकारानं लहान, भोवती दाट रान आणि वर जायला धड वाट नाही. घरातल्या मधल्या भावंडाचं जे होतं तेच त्याचं झालंय: येणारा प्रत्येकजण थोरल्या-धाकट्याची चौकशी करतो.

उंचीचं म्हणाल तर महिपतगडसुद्धा हजार मीटर भरत नाही. हिमालयात एवढ्या उंचीवर लोक भाजी आणायला जात असतील. पण हिमालयवाल्यांनी एकदा कोकणातल्या दमट हवेत, जवळजवळ समुद्रसपाटीपासून चढायला सुरुवात करून दाखवावी. पहिल्या सोंडेवरच शर्ट पिळावा लागतो. पुढे घसारा, त्यावर वाळलेलं गवत, आणि आधाराला धरावी तर मुळासकट हातात येणारी कारवी.

ओझ्याचं शास्त्र हा आणखी एक विषय. अमेरिकेतले लांब पल्ल्याचे पदयात्री वजन कमी करायचं म्हणून टूथब्रशचा दांडासुद्धा कापतात म्हणे. आमच्या सॅका भरतात त्या ‘असू दे, लागलं तर’ या तत्त्वावर. मेतकूट असू दे. भाजलेला जवळा असू दे, पण देवळात काढू नका. आमसुलं असू देत, ऊन बाधत नाही. खोबऱ्याची चटणी तर हवीच. आणि निघता निघता, देवीकडे मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणून, सॅकच्या अगदी तळाशी एक सोललेला नारळ. हा नारळ चढावर नेमका मणक्याला टोचतो. झोलाईसमोर तो वाढवताना चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते सगळंच भक्तीचं असतं असं मी म्हणणार नाही.

त्या अमेरिकेत बेंटन मकाय नावाच्या गृहस्थानं 1921मध्ये अॅपलाशियन डोंगरातून जाणारी एक लांबच लांब पायवाट सुचवली. 1937मध्ये ती पुरी झाली. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, आणि वाटभर झाडांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. तिथे वाट आखलीच मुळी चालण्यासाठी. आपल्या डोंगरात नुसतं चालावं म्हणून वाट कोण पाडणार? गुरांमागून गेले ते, कारवी आणि सरपण आणणारे, पलीकडच्या वाडीत दिलेल्या लेकीला बघायला निघालेले, त्यांच्या पायांनी ती पडली. पुढे वाड्यांना रस्ते आले, सरपणाच्या जागी गॅस आला, तरणी पोरं मुंबईला गेली, गुरं कमी झाली. मग रानानं आपली जागा परत घ्यायला सुरुवात केली. म्हणून आज सुमारगडाकडे जायचं तर वाटाड्या लागतो, आणि वाटाड्याच्या हातात कोयता. त्याची आजी जिथून डोक्यावर भारा घेऊन उतरायची, तिथे तो आता फांद्या तोडत आपल्याला नेतो, आणि आपण त्याबद्दल पैसे देतो. मला हा व्यवहार चोख वाटतो. रानात कोणाच्या तरी पायाला काम मिळालंय, मग ते काम रिकामटेकड्यांनी का दिलेलं असेना.

या वाटाड्यांना अंतर विचारू नये. ‘हे काय, हितंच’ म्हणजे दोन तास. ‘जरा लांब हाय’ असं म्हणाले तर पाण्याची बाटली झाकण लावून ठेवावी. काही न बोलता नुसतेच आपल्या बुटांकडे पाहू लागले, तर मुक्कामाची जागा तिथेच शोधावी.

महिपतगडाच्या पायथ्याला वाडी बेलदार आहे. तिथल्या एका पडवीत आम्ही पाय पसरून कोरा चहा पीत होतो. घरधनी मामांनी आमच्या सॅका एकेक करून उचलून पाहिल्या, आणि कंपनी आम्हाला याचे किती देते असं विचारलं. काही देत नाही, उलट आम्हीच रजा टाकून आलोय, हे त्यांना पटलं नाही. पण पाहुण्याला खोटं पाडायचं नाही म्हणून ते गप्प बसले. मग एकदम म्हणाले, “आमचा झिलगा पन जातो तुमच्यासारखा. मुंबैला असतो. हापिसातली पोरं मिलून कलसूबाईला गेलती. बशीनं. पैसं भरून.”

“आणि सुमारगडाला?”

“छ्या! तिकडं कदी गेलाय तो?” मामांनी थोडा विचार केला. “कलसूबाईला वाट चांगली हाय का ओ?”

लोखंडी शिड्या आहेत, असं मी सांगितलं.

“मग बरा हाय,” मामा म्हणाले. “त्याला हितली जमायची नाय.”