दुसरा जॅक

एसटीच्या बाकावर दोन मैत्रिणी बसल्यात. इअरफोन एकच, एक बोंडूक हिच्या कानात, एक तिच्या. बस वळली की वायर ताणते, एकीच्या कानातलं निसटतं, दोघी हसतात. बघून बरं वाटतं, पण त्या मुलींना पूर्ण गाणं मिळत नाहीये. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे आवाज असतात. सतार एकीकडे वाजत असेल, तर ती एकीच्याच वाट्याला येते.

दोघांनी मिळून ऐकायचं आणि दोघांनाही पूर्ण ऐकू यायचं, ही सोय पहिल्याच वॉकमनमध्ये होती. १ जुलै १९७९ रोजी सोनीनं तो जपानमध्ये विकायला काढला. किंमत ३३,००० येन. त्याला हेडफोनचे दोन जॅक होते आणि नारिंगी रंगाचं एक बटण. बटण दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि आतल्या माइकमुळे दोघांना हेडफोन न काढता बोलता यायचं. सोनीचे अकिओ मोरिता घरी त्याची चाचणी घेत होते, तेव्हा आपल्याला बाजूला टाकलंय असं पत्नीला वाटलं. म्हणून त्यांनी दुसरा जॅक हवाच असा आग्रह धरला. मला हा माणूस फार आवडतो. यंत्र कानात घालताना शेजारी कोण बसलंय, याचा त्यांनी विचार केला.

गिऱ्हाइकांनी मात्र आपापला वेगळा वॉकमन घेतला आणि पुढच्या मॉडेलांतून दुसरा जॅक गेला. तरी स्प्लिटर होता. एका पिनेचे दोन जॅक करणारा तो साधा तुकडा कुठल्याही फोनला, कुठल्याही कंपनीच्या हेडफोनला चालायचा. एकच काळजी घ्यावी लागे, ती म्हणजे दोन्ही हेडफोन सारखे हवेत. नाहीतर एकाला गाणं कुजबुजल्यासारखं आणि दुसऱ्याला ठणाणा.

२०१६ साली आयफोन ७ मधून तो एकुलता जॅकही काढला गेला. मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. ब्लूटूथची जुनी पद्धत मुळात एका फोनमधून एकाच हेडफोनला आवाज देण्यासाठी बेतलेली. अॅपलनं २०१९ मध्ये दोघांना ऐकण्याची सोय दिली, पण हेडफोन एअरपॉड्स किंवा बीट्सचेच हवेत. मैत्रिणीबरोबर गाणं ऐकायचं, तर तिनं कुठल्या कंपनीचं सामान घेतलंय हे आधी बघायचं? हे मला साफ नामंजूर आहे.

उत्तर आता हातात आहे. २०२२ मध्ये ऑराकास्ट या नावानं पुढे आलेल्या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत एक यंत्र आवाज प्रसारित करतं आणि आसपासचे कितीही जण तो एकाच वेळी ऐकू शकतात. कंपनी कुठलीही चालते, फक्त दोन्हीकडच्या यंत्रांत ही सोय असली पाहिजे. तीच सगळीकडे नाही, आणि माझा राग नेमका त्यावर आहे. ही महागड्या फोनची चैन नव्हे. हाच आवाज थेट श्रवणयंत्रातही जाऊ शकतो. टीव्हीचा आवाज घरच्यांना सोसेल इतका आणि आजीच्या कानात तिला हवा तितका, असं एकाच वेळी होऊ शकतं. स्टेशनवरची उद्घोषणा गोंगाटातून वाट न काढता कानात पोचू शकते.

आणि नाट्यगृह! माझी आई श्रवणयंत्र लावून तिसऱ्या रांगेत बसते. सगळं सभागृह हसलं की माझ्याकडे वळून विचारते, "काय म्हणाला रे?" मी सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात, तिचीही आणि माझीही. हल्ली ती विचारत नाही, इतरांबरोबर नुसती हसते.

पुढच्या महिन्यात तिला नवं यंत्र घ्यायचंय. दुकानात किमतीच्या आधी मी ऑराकास्टचं विचारणार आहे. तिथून थेट नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांकडे जाणार आहे, अर्ज लिहून तयार आहे.