नानांची नवी वही

काशीत ब्रह्माघाटाच्या गल्लीत जी मराठी घरं अजून टिकून आहेत, त्यांतल्या एका घरात नाना सापडतात. व्यवसाय उपाध्येपणाचा: महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची उतरायची सोय, गंगापूजन, श्राद्ध. छंद मात्र एकच, या सगळ्याच्या नोंदी ठेवायला योग्य अॅप निवडणे. निवडणे म्हणतोय, वापरणे नव्हे.

सुरुवात एव्हरनोटपासून झाली. नोंदी रंगात आल्या आणि २०२३ च्या अखेरीस कंपनीनं फुकटवाल्यांना ५० नोटांची मर्यादा घातली. "पन्नासात आमचं नुसतं कोल्हापूर मावत नाही," म्हणत नाना नोशनकडे गेले. तिथं कोष्टकं, रंग, चित्रं. पानाच्या माथ्यावर दशाश्वमेधाचा कुठला फोटो शोभेल, यात त्यांचा चातुर्मास गेला. मग शंका आली, नेट गेलं तर? शंका अगदीच खुळी नाही. २०१५ मध्ये घाटाकाठच्या ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी जगभर गाजली होती. क्लाउडवर विसंबणं म्हणजे वानरांवर विसंबणं, असा निवाडा देऊन नाना ऑब्सिडियनवर आले. सगळ्या फायली आपल्याच संगणकात, साध्या मजकुराच्या. यजमान आता पडद्यावर ठिपक्यांच्या जाळ्यात लुकलुकतात. फोन नंबर मागू नका, तो अजून भरायचाय.

सध्या गाडी तिथीवर अडली आहे. आपण महिना अमावास्येला संपवतो, काशीवाले पौर्णिमेला. म्हणून आपल्या भाद्रपद वद्यातला पितृपक्ष इथं आश्विन कृष्णात येतो. मग टॅग भाद्रपदाचा लावायचा की आश्विनाचा? दोन्ही लावले तर 'व्यवस्था' बिघडते. दारात साताऱ्याचे यजमान धोतर सावरत उभे असतात आणि नाना त्यांनाच मत विचारतात. कोपऱ्यावरचा चहावाला ओरडतो, "लिखबा कब, गुरु?"

फार छेडलं की नाना निकलास लुहमानचा दाखला देतात. या जर्मन समाजशास्त्रज्ञानं सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला होता. चिठ्ठ्या कागदाच्या होत्या आणि त्यानं त्या खरोखर लिहिल्या, हे दोन्ही मुद्दे नाना गाळतात. एवढ्या लांब तरी कशाला जायचं? पैठणहून काशीत आलेल्या घराण्यातल्या नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही क्षेत्रांचा शास्त्रार्थ गोळा करून 'त्रिस्थलीसेतु' रचला. आधी बोरू कुठला घ्यावा यावर त्यांनी काही वर्षं चर्चा केली असेल, तर ती आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

नानांचे वडील या भानगडीत पडत नाहीत. "कुठलं गाव? आडनाव?" एवढंच विचारतात, लाल कापडाची गाठ सोडतात आणि लांबोडक्या वहीतून तुमच्या पणजोबांची मोडीतली सही काढून समोर धरतात. खाली तुमची सही घेतात, वही बांधतात. तोवर नानांचा लॅपटॉप अपडेट होत असतो.

काशीला जाणार असाल तर पणजोबांचं नाव आणि मूळ गाव घरून विचारून जा. आणि गेल्यावर थोरल्यांना गाठा. नानांना भेटायचंच असेल, तर परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची काढा.