आडनावाचं कूळ

आडनाव ही एकमेव इस्टेट, जी कितीही वाटण्या झाल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला अख्खी येते. चार भाऊ वेगळे निघाले म्हणून कुणी पाव पाटील होत नाही. इंटरनेटवर मात्र ही सोय नाही. तिथे एका स्पेलिंगचं डॉट कॉम एकच. एका पाटलाने ते धरलं की बाकीच्या पाटलांनी गावाचं नाव जोडायचं, आकडा जोडायचा, नाहीतर गप्प बसायचं.

पाटील-पाटलांत जुंपली तर ती घरची भाऊबंदकी. मौज तेव्हा येते, जेव्हा समोरचा भाऊबंद ही कंपनी असते.

उझी निसान यांचा जन्म जेरुसलेमचा. निसान हे घराण्याचं आडनाव आणि हिब्रू पंचांगातला एक महिनाही. धार्मिक वर्ष त्याच महिन्यापासून सुरू होतं, म्हणजे आपला चैत्रच म्हणा. हे गृहस्थ अमेरिकेत गेले आणि १९८० मध्ये त्यांनी स्वतःच्या आडनावाने परदेशी गाड्यांच्या दुरुस्तीचा धंदा काढला. जपानी निसान कंपनी तेव्हा तिथे ‘डॅटसन’ नावाने गाड्या विकत होती. पुढे उझी कॉम्प्युटरकडे वळले आणि १९९४ मध्ये त्यांनी निसान डॉट कॉम नोंदवलं. १९९९ च्या डिसेंबरात कंपनीने दावा ठोकला : नाव द्या, वर एक कोटी डॉलर भरपाई द्या.

आता कंपनीचं कूळ बघा. निसान नावाचा कुणी मूळ पुरुष तिला नाही. ‘निहोन सांग्यो’, म्हणजे जपानी उद्योग, याचं शेअर बाजारातलं लघुरूप ते निसान. थोडक्यात, ज्याला बापाकडून नाव मिळालं तो प्रतिवादी आणि जिचं बारसं शेअर बाजारात झालं ती वादी!

उझी अगदीच धुतल्या तांदळासारखे नव्हते. मधल्या काळात त्यांनी साइटवर मोटारींच्या जाहिराती लावल्या होत्या. त्या कोर्टाला खटकल्या, आणि खटकायलाच हव्या होत्या. पण नाव शेवटी उझींकडेच राहिलं. त्यासाठी आठेक वर्षं गेली आणि त्यांच्याच हिशेबाने तीसेक लाख डॉलर. कंपनीने अमेरिकेतलं बिऱ्हाड ‘निसानयूएसए’वर थाटलं.

डोमेनचा मूळ नियम एसटीतला आहे : आधी रुमाल टाकेल त्याची सीट. फक्त साहेब चढले की कंडक्टर नियम पुन्हा वाचून बघतो. जर्मनीत शेल आडनावाच्या एका माणसाकडे शेल डॉट डीई होतं. २००१ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आडनाव तुमचं, हक्कही आहे, पहिला येईल तो पहिला हेही खरं. पण तेलकंपनी फारच प्रसिद्ध, तेव्हा नावाला काहीतरी जोड तुम्हीच द्या. फ्रान्समध्ये मिल्का नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मिल्का डॉट एफआर होतं. २००५ मध्ये ते त्याच नावाच्या चॉकलेटवाल्यांकडे गेलं. बाईंच्या साइटचा, चॉकलेटच्या वेष्टनासारखा जांभळट रंगही कोर्टाच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी रंग बदलला असता. नाव कुठे बदलणार?

क्वचित रुमालवालाही जिंकतो. व्हँकुव्हरचे ए. आर. मणी. आद्याक्षरं आणि आडनाव सलग लिहा : अरमानी! तेच डॉट कॉम त्यांनी धरलं होतं. जॉर्जो अरमानींच्या कंपनीने तक्रार केली आणि २००१ मध्ये ती फेटाळली गेली. अशा तक्रारींच्या नियमांत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव फसगत होईल इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर काही हक्क नाही आणि त्याची नियत खोटी आहे. मणींनी आपलंच नाव सलग लिहिलं होतं, यात नियत कुठून खोटी ठरणार? बारशाच्या वेळी त्यांच्या घरच्यांनी इटालियन सुटाचा विचार केला नसावा.

जिंकलेल्यांनीही मिशीला पीळ देऊ नये. डोमेन कुणी विकत घेत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षांची नोंदणी, मग पुन्हा पैसे. चुकलात की तुमचं आडनाव बाजारात. आपल्याकडे कूळकायद्याने निदान कसेल त्याची जमीन केली. इथे पिढ्यान् पिढ्या कसलेलं नावसुद्धा भरेल त्याचं.

मराठीने हे आधीच ओळखलं होतं की काय कोण जाणे. कूळ म्हणजे घराणं आणि कूळ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा खंड भरणारा. इंटरनेटने दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या गळ्यात बांधलेत.